नुसताच उभा

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गाण्यांचा कार्यक्रम झाला. आम्ही पाच जण: गायक, गायिका, कीबोर्ड, ड्रम आणि बेस गिटारवर मी. तीन तास, चोवीस गाणी, मध्ये मसाला दुधाची सुट्टी. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मोबाइलवर घेतलेला चार मिनिटांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि मी तो मोठ्या हौसेने मिरजेला आईला पाठवला. अर्ध्या तासाने तिचा फोन आला. गायिका छान गायली, तिची साडी इरकल आहे का, तो ढोल बडवणारा मुलगा (म्हणजे आमचा ड्रमर) किती घामेजला होता, त्याला कुणी पंखा का लावून दिला नाही, असं सगळं झालं. मग जराशी थांबून, मला वाईट वाटू नये अशा बेताने तिने विचारलं, "तू नुसताच उभा होतास का रे?"

मी हसलो. मोबाइलवर बेस ऐकू येत नाही गं, म्हटलं. "असेल, असेल," ती म्हणाली, "बोटं तर हलत होती तुझी."

ते "बोटं तर हलत होती" काही डोक्यातून जाईना. रात्री जेवणं झाल्यावर मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. खरंच, मी नव्हतोच. गायिकेने ओळीच्या आधी घेतलेला श्वास होता, झांजेची चिकचिक होती, दुधाच्या पेल्यांची किणकिण होती, "अहो, जरा खाली बसा ना" असं कुणीतरी कुणाला तरी म्हणालं तेही स्वच्छ होतं. आणि डाव्या कडेला डोळे मिटून मान हलवणारा, अगदी समाधी लागलेला एक गृहस्थ. बिनआवाजाचा. दुसऱ्या कडव्यात मी एक छोटीशी जागा घेतली होती. वरून घसरत खाली यायचं आणि समेवर गायिकेच्या पायाखाली सतरंजी अंथरल्यासारखं थांबायचं. त्या जागेसाठी मी आठ दिवस घासलं होतं. व्हिडिओत त्या जागी कुणाचं तरी लेकरू खोकलं होतं.

कारण साधं आहे आणि मला पाठ आहे. माझ्या वाद्याची सगळ्यात जाड तार सेकंदाला 41 वेळा हलते, म्हणजे 41 हर्ट्झ. त्या स्वराची लाट हवेत सव्वाआठ मीटर लांब असते, म्हणजे आमच्या हॉलच्या दीडपट. मोबाइलचा स्पीकर करंगळीच्या नखाएवढा. दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ हातच टेकतो. त्याच्याकडून ती लाट मागणं म्हणजे चहाच्या गाळणीने विहीर उपसणं. हे सगळं मी आईला सांगू शकलो असतो. पण तिचा प्रश्न भौतिकशास्त्राचा नव्हता, आणि मला लागलं तेही भौतिकशास्त्रामुळे नाही.

बेसवाल्याला असल्या प्रश्नांची सवय असते. "तुमच्या गिटारला दोन तारा कमी का?" हा लग्नकार्यातला हमखास प्रश्न. एका मेव्हण्याने "स्वस्तात पडत असेल मग" अशी भरही घातली होती. पुण्यात तर 'बेस' म्हटलं की लोकांना गणपतीतली डीजेची भिंतच आठवते. काचा थरथरवणारी, म्हाताऱ्यांच्या छातीत धस्स करणारी. त्या भिंतीच्या विरोधात सोसायटीने जो अर्ज दिला त्यावर माझीही सही आहे. पण खरं सांगायचं तर मिरवणूक कोपऱ्यावरून वळते, गाणं अजून कळत नसतं, नुसता तो धम्म धम्म येऊन बरगड्यांना लागतो, तेव्हा मला आतून थोडं बरंही वाटतं. हे मी सोसायटीत बोलत नाही.

कारण माझी सुरुवातच तिथली. बारा वर्षांचा असेन. मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या पुढे कमानी उभ्या राहिलेल्या, पाऊस नुकताच उघडलेला, आणि मंडळाच्या स्टेजवर ऑर्केस्ट्रा. गर्दीत पुढे जायला मिळेना म्हणून मी कडेला, काळं कापड लावलेल्या कपाटाएवढ्या लाकडी खोक्याला टेकून उभा राहिलो. तिथून स्टेज दिसत नव्हतं, गाण्याचे शब्दही कळत नव्हते. पण पोटात काहीतरी चालत होतं. आधी वाटलं भूक लागलीय. मग लक्षात आलं की हे गाण्याबरोबर चालतंय, गाणं वळलं की वळतंय. मान लांब करून पाहिलं तर ड्रमच्या बाजूला सफारी घातलेला एक जाडसर माणूस, बँकेच्या रांगेत उभा असावा तसा चेहरा, आणि हातात लांब दांडीची गिटार. मध्येच त्याच्या चष्म्यावर पाण्याचा थेंब पडला असावा. त्याने वाजवणं थांबवून चष्मा पुसला. चार-पाच मात्रांचाच खेळ. गायक गातच होता, ढोलकी वाजतच होती, पण गाणं एकदम पोरकं झालं. मग त्याने चष्मा चढवला, तार छेडली आणि सगळे पुन्हा जमिनीवर आले. आजूबाजूच्या हजारभर माणसांपैकी कुणी मान वळवून पाहिलं नाही.

त्या माणसाचं नाव मला कधी कळलं नाही.

पुढे नोकरीला लागल्यावर पहिली बेस घेतली ती सांगलीतल्या अशाच एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून, 4,500 रुपयांना, खांद्याच्या पट्ट्यासकट. पट्टा त्याच्या घामाने कडक झाला होता. का विकताय म्हणून विचारलं तर म्हणाला, "कीबोर्डवाल्याचा डावा हात आमच्या पोटावर आला बघा." आणि ते खरंच होतं. कीबोर्ड चांगले मिळायला लागले, बेसचे सूर त्याच्यावरच डाव्या हाताने वाजायला लागले आणि कंत्राटदाराने खर्च कमी करायचा म्हटला, की पहिली कुऱ्हाड बेसवाल्यावर. गायक काढता येत नाही, ढोलकी काढली तर लोक ओरडतात. बेसवाला काढला तर कुणाला काही कळत नाही, नुसतं "आजचा प्रोग्रॅम जरा हलका झाला, नाही?" असं म्हणत लोक घरी जातात. त्याने मला जाताना एकच गोष्ट शिकवली. नखाने छेडू नकोस, बोटाचा मऊ भाग लाव आणि तारेला सोडताना ढकलू नकोस, तिची तिला जाऊ दे.

कॅसेटच्या जमान्यात आम्ही कव्हर उलटसुलट करून वाचायचो. संगीतकार, गीतकार, गायक. फार तर संगीत संयोजक. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांमध्ये जो बेस कधी कधी गायकाशीच गप्पा मारत चालतो तो वाजवणाऱ्यांमध्ये टोनी वाझ होते, हे मला वयाच्या तिशीत कळलं. तोवर ती गाणी मी शेकडो वेळा ऐकली होती, पोटातून ओळखत होतो. मुंबईच्या स्टुडिओंमधून स्वरलिपी वाचून वाजवणारे कितीतरी वादक, त्यात गोव्याचे कितीजण. सकाळी एका गाण्याला, दुपारी दुसऱ्याला, आणि कव्हरवर कुठेच नाहीत. हे आपल्याकडेच होतं असं मात्र नाही. अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर जेम्स जेमर्सनने साठच्या दशकात जे वाजवलं, त्यावर जगातले बेसवाले अजून पोट भरतात. उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा. पण 1971 साली गायक मार्विन गे याच्या अल्बमवर वादकांची नावं छापली गेली तोवर ऐकणाऱ्यांना तो माहीतच नव्हता. 1983 मध्ये तो गेला, त्याच्या थोडेच दिवस आधी त्याची लाडकी बेस चोरीला गेली. ती अजून कुणाच्या तरी घरी असेल, माळ्यावर.

आमचा सहा-सात बेसवाल्यांचा एक कट्टा आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी भरतो, बहुधा ज्याची बायको माहेरी गेलीय त्याच्या. एक दंतवैद्य, दोन आयटीवाले, एक निवृत्त रेल्वेवाले काका, एक कॉलेजातली मुलगी जी आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली वाजवते. बेसवादक मोहिनी डेची बोटं पाहून ती या वाद्याकडे आली आणि आमचा दोन तासांचा वाद ती दोन मिनिटं वाजवून संपवते. वाद ठरलेले. फेंडर कंपनीच्या दोन बेसपैकी प्रिसिजन बरी की जॅझ बेस? लिओ फेंडरने 1951 साली पहिली काढली तेव्हा त्याआधीचा बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, बिनपडद्यांचं लाकडी धूड. याने त्याची गिटार केली, दांडीवर पडदे, म्हणजे स्वरांच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, बसवले, स्वर नेमका लागतो म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन. तारेची 34 इंच लांबी तेव्हा जी ठरली ती आजही बहुतेक बेसवर तीच. काकांचं म्हणणं, त्यानंतर सुधारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दंतवैद्याकडे पाच बेस आहेत आणि सहावी घ्यायची आहे, का ते त्यालाही सांगता येत नाही. मुलीच्या बेसला पडदेच नाहीत, सपाट दांडी. जाको पास्टोरियस या अमेरिकन बेसवाल्याने आपल्या बेसचे पडदे उपटून खाचा बुजवल्या, त्या वाटेवरची. ती लहानपणी गाणं शिकलेली आहे, त्यामुळे तिची मींड ऐकली की मला स्वतःचे पडदे कुबड्यांसारखे वाटतात.

आणि मग तारा. हा विषय निघाला की रविवार गेला. गुळगुळीत तारा की खरखरीत? जेमर्सनकडे गुळगुळीत होत्या, तुटल्याशिवाय तो बदलायचा नाही म्हणे. आम्ही खरखरीतवाले. नव्या तारांना पितळी घंटेसारखी धार असते, महिन्याभरात बोटांचं तेल आणि मळ वळ्यांमध्ये बसतो आणि आवाज ओल्या पोत्यासारखा होतो. चार तारांचा नवा जोड घ्यायचा तर दोन-अडीच हजार. म्हणून गरीब बेसवाल्याचा उपाय: तारा काढायच्या, वेटोळं करायचं आणि उकळायच्या. मी पहिल्यांदा हे केलं ते मिरजेला सुट्टीत असताना, आईच्या भाताच्या पातेल्यात. दहा मिनिटांत पाण्यावर राखाडी तवंग आला, वास ओल्या नाण्यांसारखा. आई देवपूजा आटोपून आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "हे कोण खाणार आहे?" तारा कोरड्या करून चढवल्या, पहिली छेडली, तर काय लखलखीत! आठवडाभर टिकतं ते. पातेलं मात्र तिने भाताला परत वापरलं नाही. त्यात हल्ली कुंडीसाठी कांद्याच्या सालीचं पाणी करते.

तर या दिवाळीत बेस घेऊनच मिरजेला गेलो. पावसाळा ओसरला की लाकूड सुकतं, दांडी जराशी मागे कलते. ते मी स्वतः चावी फिरवून सरळ करतो. पण यंदा जाड तार मोकळी छेडली की झर्र व्हायचं, आणि ते काही जाईना. दांडीच्या टोकाला जी पट्टी असते, जिच्या खाचेतून तारा खुंट्यांकडे जातात, ती प्लास्टिकची होती आणि तिची खाच झिजून खोल गेली होती. पुण्यात दाखवलं तर पंधरा दिवस थांबा म्हणाले. मिरजेत वाढलेल्या माणसाला हे सुचायला इतका वेळ लागावा याची लाज वाटते, पण सुचलं ते एसटीत, आष्ट्याच्या पुढे. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर सितारमेकरांची दुकानं आहेत. तिथे पिढ्यान् पिढ्या हेच काम चाललंय. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, आणि दुकानात पाऊल टाकून मला वीस वर्षं झाली होती.

दुकानात भोपळे छताला टांगलेले, लाकडाचा भुसा, सरसाचा वास. चाचांनी बेस मांडीवर आडवी घेतली, बाळाचा ताप बघावा तसा तिच्या पाठीला कान लावला आणि मोकळी तार छेडली. झर्र. पुन्हा छेडली.

"बोलतंय की हे."

मी म्हटलं, "चाचा, हेच घालवायचंय."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "आम्ही ह्याच्यासाठी चार-चार दिवस कानस घासतोय आणि तुम्ही घालवा म्हणताय व्हय?" मग समोरचा पुरुषी तंबोरा ओढला. तारांखालच्या घोडीवरचा दोरा बाजूला सरकवून खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, छेडला. ठण्ण, आणि संपला. दोरा केसभर पुढे घेतला. काही नाही. आणखी केसभर, आणि तीच तार उघडली. एका सुरातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, उदबत्तीचा धूर वर चढावा तसा. तार घोडीच्या सपाट पाठीला हलकेच घासत राहते, म्हणून. आम्ही त्याला 'बझ' म्हणतो आणि दोष मानतो. हे जवारी म्हणतात आणि ती लागेपर्यंत वाद्य गिऱ्हाइकाला देत नाहीत.

मी खिशातून मोबाइल काढला, तंबोरा रेकॉर्ड केला, मग माझी बेस, दोन्ही एकाच सुरात. काळी एक या पट्टीचा खर्ज म्हणजे 69 हर्ट्झ, माझ्या ए तारेचा चौथा पडदा. मग मोबाइलच्याच स्पीकरवर ऐकलं. बेसच्या जागी बोट घासल्याचा आवाज. आणि तंबोऱ्याचा खर्ज होता! त्या नखाएवढ्या स्पीकरमध्ये चक्क होता. म्हणजे तसा तो नव्हताच. 69 त्या स्पीकरला झेपणं शक्य नाही. पण जवारीमुळे त्याच्या पटीतले वरचे सूर भरपूर होते, 276, 345, 414 असे सारख्या अंतरावर, आणि तेवढे ऐकले की कान खालचा सूर स्वतःच मांडतो. पायऱ्या दिसल्या की तळघर आहे हे कळतं, तसं. स्टुडिओतले साउंडवाले हल्ली मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठी बेसमध्ये मुद्दाम थोडी खरखर घालतात ती याचसाठी. मला ते माहीत होतं. ते मिरजेत आधीपासून चाललंय हे लक्षात आलं नव्हतं.

चाचा तोवर हाडाची पट्टी घासायला लागले होते. पांढरी भुकटी त्यांच्या गुडघ्यावर पडत होती. दर दहा-बारा हातांनी थांबून फुंकर मारायची, नखाने खाच चाचपायची. शेवटच्या खाचेशी थांबून त्यांनी विचारलं, "ठेवू का जराशी? बोलंल बघा." मी गप्प. मला त्या क्षणी हो म्हणायचं होतं. पुढच्या कोजागिरीला मी त्या व्हिडिओत असलो असतो. पण सगळ्या गाण्यांखाली झर्र झर्र करत, गायिकेच्या शब्दांमध्ये पाय घालत? ती आधीच मला म्हणते की तुझा आवाज मला ऐकू येत नाही पण तू चुकलास की लगेच कळतं. आणि कीबोर्डवाल्याने त्याचा डावा हात माझ्यासाठी आवरता घेतलेला आहे, ते उपकार वेगळेच. दुसरं एक कारण होतं ते मी चाचांना काय, स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. ऐकू न येण्याचा एक ताठा असतो. आम्ही कट्ट्यावर तो जपतो, एकमेकांना जेमर्सनच्या गोष्टी सांगतो. उद्या खरंच सगळ्यांना ऐकू यायला लागलो तर मी तेवढा चांगला वाजवतो का?

"नको," म्हटलं, "साफच करा."

"तुमची मर्जी," म्हणाले आणि दोन हात आणखी मारले. अडीचशे रुपये घेतले. तीनशे द्यायला गेलो तर पन्नास परत केले.

घरी आलो तेव्हा आई चकलीचा सोऱ्या धुवत होती. वीज गेलेली, त्यामुळे ॲम्प असता तरी उपयोग नव्हता. विजेशिवाय ही गिटार म्हणजे रबर लावलेली फळी. "झालं का तुझं दुरुस्त?" तिने विचारलं. मी म्हटलं, इकडे ये, आणि तिला आजोबांच्या शिसवी कपाटापाशी नेलं. खुर्ची ओढून बसलो आणि बेसचं डोकं कपाटाच्या दाराला टेकवलं. हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. भाड्याच्या खोल्यांमध्ये रात्री असंच वाजवतात. तिचा हात धरून तळवा दारावर ठेवला. ओला होता, सोऱ्याच्या पिठाचा वास येत होता. मग मोकळी जाड तार, चाचांच्या पट्टीवरून, बोटाच्या मऊ भागाने.

कपाट घुमलं. आतल्या वाट्या, फुलपात्री, तिचं रुखवतातलं तबक, सगळं एकमेकांना लागून बोलायला लागलं. आईने हात चटका बसल्यासारखा काढला आणि परत ठेवला. या वेळी दुसराही ठेवला. मी कोजागिरीची ती जागा घेतली, वरून घसरत खाली. ती बघत होती ती माझ्या बोटांकडे नाही, कपाटाच्या काचेकडे. काच चौकटीत सैल होती आणि प्रत्येक सुराला थडथडत होती.

"थांब," म्हणाली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटून गेलेलं पान फाडलं, त्याची घडी केली, आणखी एक घडी केली आणि काच आणि चौकट यांच्या फटीत नखाने आत सारली. बोटाने काच दाबून पाहिली. मग पुन्हा दोन्ही तळवे दारावर टेकवले आणि म्हणाली, "हं. आता वाजव."